तळ्यातली रोहू अंडी काहून घालत नाही?

मंडळी, पोस्ट मोठी आहे, निवांत वाचा. विषय माशाचा आहे, पण मासे न खाणाऱ्यांनीही वाचावा असा आहे. शेवटी तो आपल्या नदीचा, आपल्या विद्यापीठाचा आणि आपल्या पैशाचा विषय आहे.

दरवर्षी १० जुलैला देशात राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन पाळतात. भाषणं होतात, सत्कार होतात, फोटो येतात. पण हीच तारीख का, हे फारसं कुणी सांगत नाही. त्या दिवशी ओडिशात एक प्रयोग यशस्वी झाला. त्या प्रयोगाचा धागा आपल्या वान धरणापर्यंत येतो आणि मधे नागपूरच्या एका प्रयोगशाळेतून जातो. तो धागा आज उलगडून पाहू.

आधी एक कोडं. ज्यांनी शेततळ्यात किंवा गावतलावात मासे सोडले आहेत त्यांनी हे पाहिलं असेल. रोहू, कटला, मृगळ तळ्यात झकास वाढतात. दोन-तीन वर्षांत मादी वयात येते. मृग लागायच्या सुमारास तिचं पोट अंड्यांनी टम्म होतं. आता आठवडाभरात तळं पिलांनी भरेल असं वाटतं. आणि काहीच होत नाही. पावसाळा सरतो, पोटातली अंडी पोटातच जिरून जातात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. नदीत मात्र हीच रोहू पहिला मोठा पूर आला की प्रवाहाच्या उलट चढते, काठाच्या उथळ पाण्यात जाते आणि लाखांनी अंडी टाकते. तळ्यात खायला भरपूर, शत्रू कमी. मग तळ्यातली रोहू अंडी काहून घालत नाही?

हा नुसता कुतूहलाचा प्रश्न नव्हता. त्यावर भोई-ढिवरांची पोटं अवलंबून होती. तळ्यात पिल्लं होत नाहीत म्हटल्यावर दरवर्षी ती बाहेरून आणावी लागत. हे तीन मासे मुळात गंगा-ब्रह्मपुत्रेकडचे. त्यामुळे तिकडच्या नद्यांत पुराच्या दिवसांत बारीक जाळी लावून पिल्लं गोळा करायची, आणि बंगालातून डब्यांत पाणी भरून रेल्वेने देशभर पाठवायची, असा धंदाच होता. वाटेत पाणी बदलायचं, हलवत राहायचं, आणि तरी कितीतरी पिल्लं मरायची. जी जगायची त्यांत रोहूबरोबर दुसऱ्याच जातींची, अगदी पिल्लंच खाणाऱ्या माशांचीही पिल्लं मिसळलेली असायची. एवढ्या बारीक वयात ओळखणार कोण? म्हणजे पैसे रोहूचे मोजायचे आणि तळ्यात सोडायचं भलतंच.

उत्तराची पहिली खूण दक्षिण अमेरिकेत सापडली. १९३० च्या सुमारास अर्जेंटिनात बर्नार्डो हाउसे यांनी माशांच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क दुसऱ्या माशांना टोचून पाहिला. पीयूषिका म्हणजे मेंदूच्या तळाशी लोंबणारी बारीकशी ग्रंथी. तिच्यातल्या रसांवर शरीरातल्या इतर बऱ्याच ग्रंथी चालतात. १९३४ साली ब्राझीलमध्ये याच पद्धतीने माशांकडून अंडी घालून घेण्यात यश आलं. १९३० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या उपखंडातही हमीद खान यांनी मृगळवर असा प्रयत्न केला. पण माशासाठी सस्तन प्राण्याची ग्रंथी वापरली होती, त्यामुळे गाडी फार पुढे गेली नाही.

मग आले हिरालाल चौधुरी. कटकच्या केंद्रीय मत्स्य संशोधन केंद्रात ते काम करत. सोबत के. एच. अलीकुन्ही. चौधुरींचा विचार सरळ होता: कार्पला कार्पच्याच जातीच्या माशाची ग्रंथी द्यायची. बाजारात विकल्या जाणाऱ्या माशांच्या डोक्यातून ज्वारीच्या दाण्याहून लहान अशा ग्रंथी काढायच्या, अल्कोहोलमध्ये ठेवायच्या, गरजेच्या वेळी खलात घोटून अर्क काढायचा आणि पोटात अंडी तयार असलेल्या मादीला टोचायचा. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथल्या मत्स्यकेंद्रावर, कोंडलेल्या पाण्यात, नदी नसताना, पूर नसताना कार्प माशांनी अंडी घातली. म्हणून १० जुलै.

आज आपल्या बाजारात जो रोहू-कटला येतो, त्याचं मूळ या दिवसात आहे. नदीवर अवलंबून असलेला धंदा त्या दिवशी हॅचरीत आला. शेतीत संकरित बियाण्याने जे केलं, तेच मासळीत या इंजेक्शनने केलं. फरक एवढाच की संकरित ज्वारीची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत आहे, आणि ही कुणालाच नाही.

पण कोडं अजून सुटलं नव्हतं. टोचलं की अंडी येतात, एवढं कळलं. म्हणजे तळ्यातल्या रोहूच्या अंगात सगळं तयार असतं, फक्त पीयूषिका शेवटचा रस सोडत नाही. मग पीयूषिकेला हुकूम कोण देतं? तळ्यात तो हुकूम का निघत नाही?

इथून गोष्ट मेंदूत शिरते. इंग्लंडमध्ये जेफ्री हॅरिस यांनी १९४० आणि ५० च्या दशकांत मांडलं की पीयूषिका ही स्वतः मालक नाही, तिच्या वर मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग बसला आहे आणि तो रासायनिक निरोप पाठवून तिला चालवतो. पण तो निरोप कसला, हे दाखवायला पुढे बरीच वर्षं गेली. अमेरिकेत अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलेमिन या दोघांनी त्यासाठी अक्षरशः शर्यत लावली. एकाने कत्तलखान्यांतून डुकरांचे मेंदू आणले, दुसऱ्याने मेंढ्यांचे. किती? लाखांच्या हिशेबात. एवढ्या ढिगातून हाती लागला तो पदार्थ मिलिग्रॅमसुद्धा भरेना. १९७१ मध्ये त्याची रचना कळली. १९७७ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. त्यांच्याबरोबर रोझलिन यॅलो यांनाही, कारण रक्तातले असे अतिसूक्ष्म पदार्थ मोजायची पद्धत त्यांनी शोधली होती.

तो पदार्थ म्हणजे एक पेप्टाइड. शब्दाला घाबरू नका. प्रथिनं ज्या मण्यांची बनतात त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. मण्यांची लांबलचक माळ म्हणजे प्रथिन, आणि छोटी माळ म्हणजे पेप्टाइड. हा निरोप्या फक्त दहा मण्यांचा आहे. त्याचं नाव लांब आहे, सगळे जीएनआरएच म्हणतात, आपणही तेच म्हणू. मेंदूतल्या थोड्याशा पेशी तो तयार करतात. उंदरात या पेशी जेमतेम आठशेच्या आसपास असतात, माणसात काही हजार. अब्जावधी पेशींच्या मेंदूत एवढ्याशा पेशी सांगणार की या प्राण्याने पुढची पिढी कधी जन्माला घालायची.

दोन गोष्टी इथे सांगण्यासारख्या आहेत. एक, या पेशी गर्भात असताना मेंदूत तयारच होत नाहीत. त्या नाकाच्या भागात जन्मतात आणि तिथून चालत मेंदूत जातात. ज्या माणसांत हा प्रवास अर्धवट राहतो, त्यांना वासही येत नाही आणि वेळेवर वयातही येता येत नाही. दोन, हा निरोप सतत द्यायचा नसतो. १९७० च्या दशकात अर्न्स्ट नॉबिल यांच्या गटाने माकडांवर दाखवलं की जीएनआरएच साधारण तासातून एकदा, थांबून थांबून दिलं तर पीयूषिका काम करते. तेच सतत देत राहिलं तर ती उलट बंद पडते. घरात सारखं कुणी हाका मारत राहिलं तर आपण जसं ओ देणं सोडतो, तसं. याचाच उपयोग आज डॉक्टर करतात. फार लवकर वयात येणाऱ्या मुलींना थांबवायला किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगात याच माळेच्या सुधारलेल्या आवृत्त्या देतात.

आता माशाकडे परत येऊ. माशाचा जीएनआरएच आपल्यासारखाच दहा मण्यांचा. सामन माशात सापडलेल्या प्रकारात आणि आपल्यात फक्त दोन मण्यांचा फरक. कोट्यवधी वर्षांत दोन मणी! आणखी एक गंमत: आपल्यात हा निरोप बारीक रक्तवाहिन्यांतून पीयूषिकेपर्यंत जातो, तर रोहूसारख्या माशांत मेंदूच्या पेशींचे धागे थेट पीयूषिकेत उतरलेले असतात. म्हणजे आपल्यात टपाल आहे आणि माशात थेट तार.

या माहितीवर १९८० च्या दशकात कॅनडाचे आर. ई. पीटर आणि चीनचे लिन हाओरान यांनी नवं इंजेक्शन बसवलं. त्यांनी पाहिलं की माशात जीएनआरएच गाडी पुढे ढकलतो, तर डोपामाइन नावाचं दुसरं रसायन ब्रेक दाबून धरतं. तळ्यातल्या माशात ब्रेक सुटतच नाही. मग नुसतं पुढे ढकलून काय उपयोग? म्हणून इंजेक्शनात दोन्ही घातलं: सहजासहजी न तुटणारा जीएनआरएच, आणि डोपामाइनला अडवणारं औषध. बऱ्याच तयार इंजेक्शनांत हे औषध म्हणजे डॉमपेरिडोन. हो, तेच, उलटी-मळमळीला डॉक्टर आपल्याला देतात ते. पुढे आपल्याकडेही अशी इंजेक्शनं बनू लागली. मुंबईच्या हेमो फार्माचं ओव्हाटाइड आणि वोक्हार्टचं वोव्हा-एफएच ही नावं हॅचरीवाल्यांना तोंडपाठ आहेत. आता माशांची डोकी फोडून ग्रंथी काढायची गरज राहिली नाही. संध्याकाळी मादीला आणि नराला टोचायचं, गोल हॅचरीच्या टाकीत सोडायचं, पाणी गोल फिरवत ठेवायचं. पहाटेपर्यंत अंडी. ते फिरणारं पाणी म्हणजे नदीची नक्कल. इंजेक्शन म्हणजे मेंदूतल्या हुकुमाची नक्कल.

पण बघा, कोड्याचा शेवटचा थर अजून बाकीच आहे. पीयूषिकेला जीएनआरएच हुकूम देतो, ठीक. मग जीएनआरएच बनवणाऱ्या त्या मूठभर पेशींना कोण सांगतं? पाऊस आला, पाणी चढलं, दिवस मोठा झाला, अंगात पुरेसा साठा आहे, हे सगळं त्या पेशींना कसं कळतं? त्यांना ना डोळे आहेत ना पोट.

नेमक्या या प्रश्नावर आपल्या विदर्भात, नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात डॉ. निशिकांत सुभेदार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. आणि कशावर केलं? रोहूवर नाही, परदेशी झेब्राफिशवर नाही. आपल्या मांगूरवर.

मांगूर का, हे कुणीही विदर्भातला माणूस सांगेल. चिवट मासा. हवेतही श्वास घेतो, चिखलात राहतो, बाजारात पाण्याच्या घमेल्यात तासन्‌तास वळवळत असतो. शास्त्रज्ञाला याहून महत्त्वाचं म्हणजे तो वर्षातून एकदाच, पावसाळ्यात पिल्लं घालतो. त्यामुळे तयारीचा काळ, अंडी घालण्याचा काळ, विश्रांतीचा काळ असे वर्षाचे सरळ तुकडे पडतात, आणि प्रत्येक तुकड्यात मेंदूत काय बदललं ते पाहता येतं.

१९८८ मध्ये सुभेदार आणि त्यांच्या सहकाऱ्याने मांगूरच्या मेंदूत जीएनआरएच (तेव्हा त्याला एलएचआरएच म्हणत) नेमका कुठे कुठे आहे, त्याचा नकाशा छापला. मेंदूचे बारीक काप करायचे, फक्त त्याच पेप्टाइडला चिकटेल असं द्रव्य लावायचं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली रंगलेल्या पेशी नि धागे शोधत बसायचं. एकेका मेंदूचे कितीतरी काप. हे काम डोळ्यांची आणि चिकाटीची परीक्षा असतं.

पुढे त्यांनी दुसरं एक पेप्टाइड घेतलं, न्यूरोपेप्टाइड वाय. छत्तीस मण्यांची माळ. १९८२ मध्ये स्वीडनमध्ये डुकराच्या मेंदूतून ती प्रथम वेगळी केली गेली. ही माळ मुख्यतः भुकेशी जोडलेली म्हणून प्रसिद्ध आहे. नागपूरच्या गटाला मांगूरमध्ये काय दिसलं? नाकातल्या वास घेणाऱ्या पेशींपासून मेंदूच्या पुढच्या भागातून थेट पीयूषिकेपर्यंत न्यूरोपेप्टाइड वाय आणि जीएनआरएच शेजारी शेजारी, एकमेकांना बिलगून आहेत. नुसतं शेजारी असणं म्हणजे संबंध नव्हे, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी मांगूरच्या मेंदूत न्यूरोपेप्टाइड वाय सोडून पाहिलं. जीएनआरएच वाढलेला दिसला. मग न्यूरोपेप्टाइड वाय ज्या कुलुपात बसतं ते कुलूप औषधाने बंद केलं. परिणाम उलटा झाला. रंगलेल्या पेशींवर भागवलं नाही, रासायनिक मोजणीच्या यंत्रावरही पडताळून घेतलं. हे काम २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आलं. नंतर याच गटाने कार्ट नावाच्या आणखी एका पेप्टाइडचा मांगूरच्या मेंदूतला चढउतार हंगामाप्रमाणे आणि उपासाप्रमाणे तपासला. सुभेदार पुढे पुण्याच्या आयसरमध्ये काम करत राहिले आणि त्यांच्या तालमीत तयार झालेली माणसं आज देशातल्या चांगल्या संस्थांमध्ये याच विषयावर काम करत आहेत.

यातून निघालेली गोष्ट साधी करून सांगायची तर अशी: पुढची पिढी कधी, हे ठरवणाऱ्या पेशी एकट्या ठरवत नाहीत. त्यांच्याभोवती पेप्टाइडांची एक पंचायत बसलेली असते. एक भुकेची खबर आणतो, एक साठ्याची, एक ताणाची, एक हंगामाची. कुणी हो म्हणतो, कुणी थांब म्हणतो. सगळ्यांचं जुळलं की हुकूम सुटतो. रोहूच्या बाबतीत तळ्यात पोट भरलेलं असतं, वयही झालेलं असतं, पण पुराची खबर आणणारा पंच आलेलाच नसतो. म्हणून बैठक तहकूब. हे आपल्या कोड्याचं उत्तर.

आणि ही पंचायत माणसातही बसते. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या हर्शी गावात एक जनुक सापडलं. हर्शी चॉकलेटसाठी प्रसिद्ध, तिथल्या ‘किस’ नावाच्या चॉकलेटवरून जनुकाचं नाव ठेवलं, म्हणून त्याच्या पेप्टाइडला किसपेप्टिन म्हणतात. २००३ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतल्या दोन वेगवेगळ्या गटांना अशी कुटुंबं सापडली, जिथे किसपेप्टिनचं कुलूप बिघडल्यामुळे मुलं वयातच आली नव्हती. म्हणजे माणसात जीएनआरएचच्या पेशींना जागं करणारा मोठा पंच हा. अन्नाचा आणि अंगातल्या साठ्याचा निरोप त्याच्यापर्यंतही पोचतो. खायला नीट न मिळालेल्या मुलीची पाळी उशिरा येते, खूप वजन घटलं की थांबते. आपल्या आज्या हे अनुभवाने सांगत होत्या. मेंदूत ते कसं घडतं, हे कळायला विज्ञानाला एकविसावं शतक उजाडावं लागलं. मेळघाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना कुपोषण हा शब्द नवा नाही. ते फक्त वजनकाट्यावर दिसतं असं समजू नका, ते मेंदूतल्या या पंचायतीतही बसलेलं असतं.

आता सांगतो ही सगळी कहाणी सोनाळ्यात बसून का लिहिली.

पहिलं कारण नदी. सातपुड्यातून उतरणारी आपली वान नदी वारी भैरवगडला धरणात अडली. धरणाने पाणी दिलं, खारपाणपट्ट्यातल्या गावांना गोडं पाणी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. धरणाच्या विरोधात मी बोलत नाही. पण धरण म्हणजे माशाच्या दृष्टीने पुराची खबर बंद होणं. खालच्या पात्रात पहिल्या पावसाचा लोंढा पूर्वीसारखा येत नाही, आणि वर चढणाऱ्या माशापुढे भिंत उभी राहते. देशभरात हेच झालं. एकीकडे आपण नद्यांतून पूर काढून घेतला आणि दुसरीकडे, त्याच काळात, पुराचं काम करणारं इंजेक्शन शोधलं. इंजेक्शन आहे म्हणून जलाशयात मत्स्यबीज सोडता येतं आणि मच्छीमार संस्थांची चूल पेटते. पण इंजेक्शन आपण फक्त आपल्याला खायला हव्या असलेल्या चार-पाच जातींना देतो. बाकीच्या माशांना कोण टोचणार? ओढ्या-नाल्यातल्या बारक्या माशांना हॅचरी नसते. त्यांना पूरच लागतो.

दुसरं कारण मांगूर. ज्या माशाच्या मेंदूने हे सगळं शिकवलं, तो आज स्वतः संकटात आहे. आपल्या देशी मांगूरला शास्त्रज्ञ आता क्लॅरियास मागूर म्हणतात, आणि जागतिक यादीत तो धोक्यात आलेल्या जातींत आहे. डबकी बुजली, धानाच्या बांध्यांत औषधं आली, नाले सरळ केले. मग हॅचरीत बीज का करत नाहीत? करतात, पण अवघड आहे. मादीला इंजेक्शन देऊन अंडी काढता येतात, नराचं वीर्य मात्र रोहूसारखं दाबून निघत नाही. नर कापून त्याचे वृषण काढावे लागतात. म्हणजे प्रत्येक खेपेला नर मारायचा. त्यामुळे बीज महाग आणि थोडं. आणि या पोकळीत घुसला तथाकथित थाई मांगूर. तो मुळात आफ्रिकेतला. झपाट्याने वाढतो, काहीही खातो, सडकं मांसही खातो, आणि तलावातून नाल्यात गेला की देशी माशांचा फडशा पाडतो. आपल्या देशात त्याच्या पैदाशीवर आणि विक्रीवर बंदी आहे. तरी बाजारात मांगूर म्हणून काय विकलं जातं, ते ज्याचं त्याने डोळे उघडे ठेवून पाहावं.

तिसरं कारण पैसा आणि त्यामागची वृत्ती. ‘मांगूरच्या मेंदूत काय बघत बसलेत, याचा उपयोग काय?’ हा प्रश्न आपल्याकडे कुठल्याही मूलभूत संशोधनाला विचारतात. विचारायला हरकत नाही, पैसा जनतेचा आहे. पण उत्तरही ऐकून घ्या. १९३० मध्ये माशाला ग्रंथीचा अर्क टोचणाऱ्याला कुणी विचारलं असतं तर त्याला कटल्याचा भाव सांगता आला नसता. लाखो डुकरांचे मेंदू दळणाऱ्याला ठाऊक नव्हतं की आपलं काम एक दिवस हॅचरीत संध्याकाळी पाचला टोचलं जाईल, आणि कर्करोगाच्या वॉर्डातही. नागपूरच्या प्रयोगशाळेतले रंगलेले काप या साखळीतलीच एक कडी आहेत. देशी मांगूरचं बीज सहज करायचं असेल, नर न मारता करायचं असेल, तर त्याच्या मेंदूत नेमका कोणता पंच गैरहजर आहे हे आधी कळायला हवं. ते परदेशातून कुणी आपल्याला शोधून देणार नाही, कारण मांगूर त्यांचा नाही. आपला आहे. म्हणून राज्य विद्यापीठांतल्या प्रयोगशाळांना माणसं आणि पैसे देणं ही चैन नव्हे. ते बियाणं आहे.

मग आपण काय करू शकतो? मोठ्या गोष्टी सोडा, गावपातळीवरच्या तीन सांगतो.

एक. मृगाच्या पहिल्या पावसात नाल्याला पाणी आलं की चढणीच्या माशांवर तुटून पडायची आपली जुनी सवय आहे. तो मासा पोटात अंडी घेऊन चाललेला असतो. त्याच्या मेंदूतल्या पंचायतीने वर्षभर थांबून नुकताच हुकूम दिलेला असतो. त्याच वेळी आपण जाळं आडवं लावतो. समुद्रात पावसाळ्यात बोटी बंद असतात, कारण हेच. आपल्या नाल्यावर पहारा द्यायला तटरक्षक दल येणार नाही, गावानेच ठरवायला हवं. दोन-तीन आठवडे, एवढंच.

दोन. ज्या संस्थांनी तलाव ठेक्याने घेतले आहेत त्यांनी मत्स्यजिरे, बोटुकली कुठून येतात, कोणत्या हॅचरीतून, कोणत्या जातीची, हे सभेत सभासदांना सांगावं. आणि सभासदांनी ते विचारावं. विचारण्यात कमीपणा नाही. कापसाचं बियाणं घेताना पिशवीवरचं लेबल आपण वाचतोच की.

तीन. शाळा-कॉलेजातल्या शिक्षकांना विनंती. मुलांना नोबेल विजेत्यांची नावं पाठ करवता, चांगलं आहे. त्याबरोबर हिरालाल चौधुरींचं नाव सांगा, आणि नागपुरात मांगूरच्या मेंदूवर काय काम झालं तेही सांगा. विज्ञान फक्त अमेरिकेत घडत नाही, रेल्वेने अर्ध्या दिवसात पोचता येईल अशा ठिकाणीही घडतं, हे सातपुड्याच्या पायथ्याच्या पोरांना कळलं पाहिजे.

पुढच्या वेळी ताटात रोहूचा तुकडा आला तर एवढं आठवा: हा मासा नदीने नाही, एका दहा मण्यांच्या माळेने आपल्यापर्यंत आणला. आणि जी माळ अजून कुणी ओवली नाही, ती मांगूरची.

तुमच्या गावच्या नाल्यात लहानपणी कोणते मासे होते आणि आता कोणते दिसतात, ते खाली नक्की लिहा. विशेषतः भोई समाजातल्या जुन्या जाणत्या मंडळींना विचारून लिहा. त्यांच्याकडे असलेली नावंसुद्धा आता हळूहळू जायला लागली आहेत.

#सोनाळा #वान_नदी #देशी_मांगूर #विदर्भ